उपटलेल्या ओंब्या

गव्हाच्या बियाण्याच्या बाबतीत मनकर्णा कुणाच्या बापाचं ऐकणारी बाई नव्हती. निजामाच्या मुलखात, हट्टा गावाच्या अलीकडं दोन कोसांवर तिचं गाव, गावाच्या कडेला विहीर आणि विहिरीखाली तिचं पाच एकर काळं रान. नवरा सटवाजी तापानं गेला, तेव्हा पोरगा उत्तम सात वर्षांचा होता. आता ही बाई रडत बसणार, असं भावकीला वाटलं होतं. हिनं पेरणीची पाभर हातात धरली. पुढं पुढं तर दिवाळीच्या तोंडावर कुरुंद्याचे मोठे बागाईतदारसुद्धा तिच्या ओसरीवर येऊन बसायला लागले. आपला गहू घालायचे आणि तिचं बन्सी गव्हाचं बी बदल्यात न्यायचे. तिच्या पोत्यात दुसऱ्या वाणाचा एक दाणा जरी निघाला असता, तरी लाजेनं ती चार दिवस जेवली नसती.

लोक म्हणायचे, हिच्या हाताला यश आहे. यश कसलं डोंबलाचं! कष्ट होते ते. पौषात ओंब्या बाहेर पडल्या की मनकर्णा रोज सकाळी उन्हाकडं पाठ करून गव्हात शिरायची. तिरप्या उन्हात कुसळाचा रंग खरा दिसतो. एखादं झाड वीतभर उंच, एखाद्याची ओंबी चपटी, एखाद्याचं कुसळ काळं, असं काही नजरेला खुपलं की तिचा उजवा हात आपोआप जायचा आणि झाड मुळासकट बाहेर यायचं. भेसळ काढणं म्हणतात याला. त्यात दयामाया नाही. तिच्या हाताला वीस वर्षांची सवय झाली होती.

तिचा सगळ्यात जास्त राग खपलीवर. नाल्यापलीकडं बंजाऱ्यांचा तांडा होता. तिथली नीलाबाई नाल्याच्या पाणथळ पट्टीत खपली करायची. खपली म्हणजे गव्हाचीच जुनी, रानटी वळणाची भावकी. मळून दाणा सुटत नाही, टरफलासकट उखळात कांडावा लागतो. उतारा कमी, तयार व्हायलाही उशीर. पण बाळंतिणीच्या लापशीला तिच्यासारखं दुसरं काही नाही, म्हणून तांड्यावर पिढ्यान् पिढ्या राखलेली. एका साली नीलाबाई मनकर्णाकडं खळं मागायला आली होती.

"बाई, एक दिस खळं द्या. काम झालं की सारवून देते."

"तुजं ते जंगली माझ्या खळ्यावर?" मनकर्णा म्हणाली. "एक दाणा भेगेत राहिला तरी माझं बी नासंल. न्हाई जमायचं."

नीलाबाई आल्या वाटेनं परत गेली. त्यानंतर दोघी नाल्यावर भेटायच्या, बोलायच्यासुद्धा, पण खळ्याचा विषय कुणी काढला नाही.

उत्तम मोठा होऊन सरकारी शेतावर कामाला लागला. तिथले रामकिशन साहेब जीव लावून शिकवणारे. पोरगं सुट्टीला आलं की ओसरीवर बसून आईला तिथल्या गोष्टी सांगायचं.

"माय, आपल्या बन्सीला तांबेरा लागतो. खपलीला कवा लागलेला पाहिला का तू?"

मनकर्णानं आठवून पाहिलं. ओल्या हवेत गव्हावर येणारा तो लालसर रोग तिनं जन्मभर पाहिला होता, पण खपलीवर कधी नाही.

"मंग बन्सीचा दाणा अन् खपलीची ताकद एका झाडात आणता आली तर?"

"घोड्या-गाढवाचं खेचर व्हतं, बाबा. त्याला पुढं लेकरू व्हत न्हाई."

"याला व्हतं," उत्तम हसला. "हे एकाच घराण्यातले हायत."

त्यानं नीलाबाईकडून मूठभर खपली नेली. बन्सीच्या ओंबीतलं एकेक फूल बारीक चिमट्यानं उघडायचं, आतले नराचे तंतू काढून टाकायचे, वर कागदाची पिशवी घालायची, आणि दोन-तीन दिवसांनी खपलीचे पराग आणून त्यावर झटकायचे. पोरगं उन्हात गुडघ्यावर बसून हे करायचं. पहिल्या साली त्या संकराची सगळी झाडं एकसारखी आली. त्यांचं सगळं बी घेऊन उत्तम एकोणीसशे सेहेचाळीसच्या दिवाळीला घरी आला. शेतावर औंदा जागा नव्हती. साहेब म्हणाले होते, तुझ्या आईसारखी बियाण्याची जाणकार दुसरी नाही, तिच्याच रानात लाव.

विहिरीजवळ आठ ओळी पेरल्या. जाताना उत्तमनं आईला ओळींपाशी उभं करून सांगितलं, "माय, औंदा हे फुटंल. सगळी झाडं येगयेगळी येतील. कुणी बन्सीवर जाईल, कुणी खपलीवर, कुणी दोघांवर बी न्हाई. एकालाबी हात लावू नको. मी शिमग्याला येतो."

"न्हाई लावत."

"माझी शप्पत?"

"अरे, सांगितलं न्हाई का एकदा! जा, गाडी चुकंल तुजी."

शप्पथ तिनं घेतली नाही. तेव्हा तिला त्याचं काही वाटलं नाही.

पौष सरला, ओंब्या चिकात आल्या, दाण्यात नुसतं दूध भरलं आणि त्या आठ ओळी बघवेनात. एक झाड कमरेइतकं, शेजारचं गुडघ्याएवढं. कुणाची ओंबी दाट, कुणाची दबकी, कुणाची कुसळं काळी, कुणाला कुसळच नाही. विहीर वाटेवरची, पाण्याला येणारी प्रत्येक बाई थबकायची.

"मनकर्णे, हे काय वं?" शेजारची शालूबाई एक दिवस तोंडाला पदर लावून हसली. "गहू पेरला का बाजार भरवला?"

मनकर्णानं आठ दिवस कळ काढली. नवव्या दिवशी सकाळी ती आपला गहू निवडून विहिरीकडं आली, पाठीवर ऊन होतं, आणि हात सवयीचा होता. लेकरू शिकलं खरं, पण बी कसं राखायचं ते त्याला काय ठावं, असं तिच्या मनात आलं. चांगलं तेवढं ठेवू, घाण काढून टाकू. शिमग्याला येईल तेव्हा ओळी स्वच्छ बघून खूश होईल. खोटं कशाला सांगू, वाईट हेतू नव्हता तिचा. मायेनंच केलं तिनं. बन्सीसारखं दिसलं ते झाड ठेवलं, खपलीवर गेलेलं आणि मधलंअधलं सगळं उपटलं. उन्हं वर यायच्या आत आठही ओळी साफ झाल्या.

तेव्हाच एक गोष्ट तिच्या डोळ्यांना दिसली होती. ठेवलेल्या झाडांना मनगट घासलं की विटकरीसारखी लाल पूड लागत होती. तांबेऱ्याची सुरुवात होती ती. थोडा तर दर साली येतोच. डाव्या काखेत मात्र उपटलेल्या झाडांची अख्खी पेंढी होती आणि त्या हाताला लाल काही नव्हतं, नुसता हिरवा वास होता. तिनं ते पाहिलं आणि सोडून दिलं.

नीलाबाई शेळ्या घेऊन बांधावरून चालली होती. मनकर्णानं पेंढी तिच्याकडं फेकली. "घे, तुझ्या खपलीचंच खानदान हाय. शेळ्यांना घाल."

माघात आभाळ भरून आलं. पाऊस नाही, नुसती दमट हवा आणि ढग, एक आठवडा, दोन आठवडे. मग तांबेरा असा पसरला की म्हाताऱ्या माणसांनीसुद्धा तसा पाहिला नव्हता. गव्हातून चालत गेलं की धोतर गुडघ्यापर्यंत लाल व्हायचं. पुढं त्याच काड्या काळ्या पडल्या. दाणे जिऱ्यासारखे आकसले. मनकर्णाचा बन्सी, गावात सगळ्यांत देखणा असायचा तो, उभ्याउभ्या करपला. साफ केलेल्या आठ ओळीही त्याच वाटेनं गेल्या, एक झाड सुटलं नाही.

आणि नाल्यापलीकडं नीलाबाईची खपली हिरवीगार उभी होती.

मनकर्णा बांधावर उभी राहून तिकडं बघत राहिली. काखेतली ती पेंढी तिला आठवली, हाताला न लागलेला लाल रंग आठवला. टोपली खाली ठेवून ती बांधावरच बसली. पोरानं मागितलेलं झाड त्या ओळींत होतं. तिनंच ते शेळ्यांना घातलं होतं.

कुणाला बोलली नाही ती.

शिमगा झाल्यावर तिसऱ्या दिवशी उत्तम आला. चहासुद्धा न घेता रानात गेला, मागोमाग मनकर्णा गेली. आठही ओळी त्यानं या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिल्या. परत पाहिल्या.

"माय, ओळी इतक्या इरळ काहून?"

"उंदरं लई झाली औंदा," मनकर्णा म्हणाली. जिभेवर हे कुठून आलं ते तिलाच कळलं नाही.

उत्तमनं मान हलवली. आईवर संशय घ्यायचं त्याच्या मनातच आलं नाही. एक काळी काडी मोडून तो हातात फिरवत राहिला. "सगळ्यालाच लागला. म्हंजे खपलीचा गुण उतरलाच न्हाई. माझंच कुठंतरी चुकलं." त्यानं खिशातून चिमटा काढला, पुसला, परत ठेवला. "साहेबाला हा वापस देऊन टाकतो. दोन वरसं वाया घालवली त्यांची. आता हे काम माझ्याच्यानं व्हत न्हाई, माय."

आता बघा, गप्प बसली असती तर कुणाला काही कळलं नसतं. उंदरांना कोण विचारायला जातंय? वीस वर्षांचं तिचं नाव शाबूत राहिलं असतं. पोरगं मात्र जन्मभर हेच धरून बसलं असतं की आपण केलं ते खोटं होतं. मनकर्णानं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. सटवाजी गेला त्या दिवशी सात वर्षांचं ते तोंड असंच दिसलं होतं.

"घरी जाऊन भाकर खा," ती म्हणाली. "मी आलेच."

एखादी तरी ओंबी शेळ्यांच्या तोंडून सुटली असेल, या आशेनं ती तडक तांड्यावर गेली. नीलाबाई अंगणात उखळापाशी बसली होती. आत तिची सून पेमा आठ दिवसांची बाळंतीण, लेकराचा आवाज येत होता. आणि वळचणीला, सावलीत, एक पेंढी उलटी टांगलेली. मनकर्णानं ती लांबूनच ओळखली. निम्मी उरली होती.

"तू शेळ्यांना न्हाई घातली?"

"खपलीच्या वळणाची ओंबी शेळ्यांना घालतेत व्हय, बाई?" नीलाबाई म्हणाली. "मागल्या सालची सरली, औंदाची अजून निघायची. म्हणलं वाळू द्यावी, पेमाच्या लापशीला व्हईल. निम्मी कांडली."

"उरलेली मला दे, नीलाबाई."

नीलाबाईनं मुसळ बाजूला ठेवलं. "बाळंतिणीच्या तोंडातलं मागून राहिल्या तुमी. अन् ते बी हे जंगली? तुमच्या खळ्यावर तर चालत नव्हतं."

हे ऐकावं लागणार, हे मनकर्णाला ठाऊक होतं. ती तिथंच उखळाशेजारी मातीत बसली आणि सगळं सांगून टाकलं. उत्तमची ताकीद, तिचा हात, उंदरांची थाप. नीलाबाई ऐकत होती. मधे एकदा लेकरू रडलं तरी ती उठली नाही.

"मला चुकली म्हण, काय म्हणायचं ते म्हण," मनकर्णा म्हणाली. "खरंच चुकले मी. तवाबी अन् आताबी. पण पोराचं मन मोडलंय गं माझ्या."

"पोरानं खपली माझ्याकडूनच नेलती," नीलाबाई म्हणाली. "पर पेमाला मी काय घालू, ते सांगा."

मनकर्णा उठून घरी गेली. दरसाल ती एक पायली बी जास्तीचं राखून ठेवायची, राख लावून, मडक्याचं तोंड शेणानं लिंपून. औंदाचा गहू तांबेऱ्यानं खाल्लेला, म्हणजे तिच्या बन्सीचं चांगलं बी आता तेवढंच. वीस वर्षं निवडलेलं. तिनं मडकं फोडलं नाही, तसंच डोक्यावर घेतलं आणि तांड्यावर नेऊन नीलाबाईच्या पुढ्यात ठेवलं.

"हे बियाचं हाय," नीलाबाई म्हणाली.

"लापशीचं हाय आता. बाळंतिणीला घाल."

नीलाबाईनं वळचणीची पेंढी सोडून दोन्ही हातांनी तिच्या ओटीत दिली.

उत्तम ओसरीवर बसला होता, ताटाला हात लावलेला नव्हता. मनकर्णानं पेंढी त्याच्यापुढं ठेवली.

"उंदरं नव्हती," ती म्हणाली. "मी उपटली. बन्सीसारखी सोडून सगळी. घाण वाटली मला ती."

उत्तम तिच्याकडं बघत राहिला. मग उठून अंगणात गेला आणि पाठ करून उभा राहिला.

"बोल ना रे मला कायतरी. शिव्या दे."

"माय, तुला हात लावू नको म्हणलो होतो मी." एवढंच म्हणाला तो. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, कारण त्या शांत आवाजानंच मनकर्णा सटवाजीच्या मागं पहिल्यांदा मोठ्यानं रडली.

थोड्या वेळानं तो परत आला, पेंढी मांडीवर घेऊन एकेक काडी उजेडाकडं धरून बघायला लागला. काड्या पिवळ्या धमक होत्या. एका काडीवर काळा डाग नव्हता.

"उतरला व्हता, माय," तो हळूच म्हणाला. "गुण उतरला व्हता." मग त्यानं एक ओंबी चोळली. दाणे बारीक, सुरकुतलेले. "पर चिकात उपटलेले हायत. उगवतेत का न्हाई, देव जाणे."

असे दाणे मनकर्णा जन्मभर कोंबड्यांना टाकत आली होती. तिनं ते जमिनीवर सांडलेले एकेक करून वेचले आणि गाडग्यात भरले.

सत्तेचाळीसचा कार्तिक आला तेव्हा मुलूख पेटलेला होता. निजामाच्या बाजूनं लुटालूट करणाऱ्या रझाकारांच्या भीतीनं गावंच्या गावं पैनगंगेपलीकडं वऱ्हाडात चालली होती. उत्तमनं निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या तिकडच्या छावणीत जायचं ठरवलं. जाताना त्यानं ते गाडगं आईच्या हातात दिलं.

"मला नको," मनकर्णा मागं सरली. "नीलाबाईला दे. माझ्या हाताचा भरवसा न्हाई राहिला."

"तुझ्याच हातानं पेर," उत्तम म्हणाला. त्यानं यावेळी शप्पथ घातली नाही. पाया पडून निघून गेला.

तिनं बोटानं भोक पाडून एकेक दाणा लावला. दोनशेच्या वर होते. एकतीस उगवले.

पौषात ओंब्या पडल्या. परत तोच बाजार. एक झाड तर इतकं वेडंविद्रं की हात सरसरून पुढं गेला, बोटं काडीला लागलीसुद्धा. मनकर्णा दचकली. त्या दिवसापासून ती त्या एकतीस झाडांपाशी जाताना उजवा हात पदरानं कमरेशी घट्ट बांधून जायची. डाव्या हातानं पाणी घालायची, डाव्या हातानं चिमण्या हाकायची. शालूबाईनं ते पाहिलं, पण हसली नाही.

माघात तांबेरा आला, गेल्या सालाएवढा नाही, पण आला. एका सकाळी मनकर्णानं नीलाबाईला बोलावून घेतलं आणि तिच्या देखत उजवा हात सोडला. पहिल्या झाडाच्या पानांवरून तळवा फिरवला, बघितला, पदराला पुसला. मग दुसरं. बी परत फुटलं होतं, बहुतेक झाडांनी तळवा लाल केला. अकरा झाडांनी नाही केला. अकराव्या वेळी कोरा तळवा तिनं नीलाबाईपुढं धरला. नीलाबाईनं त्यावरून आपलं बोट फिरवून पाहिलं.

"मळायला खळं कुणाचं?" मनकर्णानं विचारलं.

"तुमचंच की," नीलाबाई म्हणाली.

त्यानंतरचे महिने सांगण्यासारखे नाहीत. दोनदा गाव सोडून नाल्याच्या झाडीत लपावं लागलं. उत्तमचा निरोप नव्हता. कुणी म्हणायचं जेलात आहे, कुणी काय काय म्हणायचं. मनकर्णा कमरेला एक गाठोडं बांधून असायची, झोपतानासुद्धा.

अठ्ठेचाळीसच्या भादव्यात निजामाचं राज्य संपलं आणि पंधरा दिवसांनी उत्तम दारात उभा राहिला. हाडं दिसत होती, डावा पाय ओढत होता. आईनं त्याला कवेत घेतलं, सोडेचना. पाणी पिऊन झाल्यावर त्यानं भीतभीतच विचारलं, "माय, त्या गव्हाचं काय झालं?"

मनकर्णानं कमरेचं गाठोडं सोडून त्याच्यापुढं उलगडलं. तिच्या लग्नातलं हिरवं लुगडं, नवरा गेल्यापासून पेटीत पडलेलं, तिनं फाडून त्याच्या चिंध्या केल्या होत्या. एका झाडाचं बी एका चिंधीत. अकरा पुरचुंड्यांना पांढरा दोरा बांधलेला.

"ह्या तांबेरा न लागलेल्या," ती म्हणाली.

उत्तमनं त्या अकरा कपाळाला लावल्या. मग बाकीच्या उघडून पाहिल्या. काहींत तर नुसती टरफलं आणि चार-पाच आकसलेले दाणे. "हे तर तांबेऱ्यानं खाल्लेले. हे काहून इतके दिस कमरेला वागवलेस? तू तर असं कोंबड्यांना टाकायचीस."

"टाकणार व्हते," मनकर्णा म्हणाली. तिनं उजवा हात मांडीवर उताणा ठेवला होता आणि त्याच्याकडं बघून ती बोलत होती. "पर यातलं वाईट कोणतं, ते मला आता ओळखू येत न्हाई, बाबा."

उत्तमनं ओंजळ पुढं केली. तिनं एकेक पुरचुंडी उचलून त्याच्या ओंजळीत ठेवली, एकतीसच्या एकतीस.